ही काय धर्मशाळा आहे?

चार वाजले की अण्णा ब्रश धुवायला घ्यायचे. भिंत अर्धी झालेली असो की पाऊण, चार म्हणजे चार. 2022 साली आम्ही चेन्नईत नवीन होतो. शहराच्या उत्तरेला भाड्याने घर घेतलं होतं आणि रंग काढून द्यायचं घरमालकाने कबूल केलं होतं. रंगारी वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असावेत. पण तिकडे कुणालाही अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले आणि त्यामागून 'अहो-जाहो' आपसूक आलं. हात सुरेख. पुट्टी भरून घासलेली भिंत अशी लागायची की गाल टेकवावासा वाटावा. पण ते चार वाजता निघणं! सामान हॉलच्या मधोमध, गॅस बाल्कनीत, आणि हे घड्याळाकडे बघतायत.

एक दिवस तर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्यावर मी तोंड सोडलं. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, त्यांचं हिंदी रंगाच्या डब्यापुरतं, त्यामुळे भांडणही नीट जमेना. शेवटी ते म्हणाले, "काल रोल कॉल, अक्का." मला वाटलं मुलाच्या शाळेचं काही असेल. तर नाही, यांचीच हजेरी.

शेजारच्या मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिलोनचे आहेत. कॅम्पमधले." म्हणजे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या छावणीतले. मामींनी ते एका शब्दावरून ओळखलं होतं. बोलणं याला चेन्नईत 'पेसुदल' म्हणतात. जाफना-मन्नारकडची माणसं 'कदैत्तल' म्हणतात, म्हणजे कथा करणं. मला तो शब्द फार आवडला. आपल्या 'कथा'चा सख्खा भाऊ समुद्र ओलांडून तिकडे नुसतं 'बोलणं' होऊन बसलाय. पुढे ओळख वाढल्यावर मी हे अण्णांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, लहानपणी आई दटावायची, बाहेर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बाहेर 'पेसु'. घरात आल्यावर कथा.

आईचं हे दटावणं कधीचं, असं विचारलं तर त्यांनी साल सांगितलं नाही. "राजीव गांधी गेले त्यानंतरचं," म्हणाले.

*

राजीव गांधी गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. उन्हाळ्याची सुट्टी, आजोळ, सातारा जिल्ह्यातलं एक गाव. 22 मे 1991 च्या सकाळी आजोबांचा रेडिओ नेहमीच्या आवाजात नव्हता, एवढं गोधडीतूनही कळलं. आजी चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, "इंदिराबाईंचं पोरगं पण मारलं." मग बराच वेळ फुंकणी हातात धरून तशीच बसून राहिली.

गावात एक जवान होता, श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेतून परत आलेला. सुरुंगात एक पाय गुडघ्याखाली गेलेला. आम्ही पोरं एरवी त्याच्या ओट्यावर पडीक असायचो. श्रीलंकेतली शहाळी कशी, समुद्र कसा, असलं काहीबाही विचारायचो. त्या दिवशी त्याने दार उघडलं नाही. त्याच्या पायाचा आणि त्या बातमीचा काही संबंध आहे हे आम्हाला मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून कळलं. 'लिट्टे', म्हणजे श्रीलंकेतले बंडखोर 'तमिळ वाघ', हा शब्द आमच्या तोंडी बसला तो त्याच आठवड्यात. चोर-पोलीसचं लिट्टे-पोलीस झालं. शेजारच्या आळीतला एक मुलगा रंगाने काळासावळा होता, म्हणून लिट्टे कायम तोच. तो रडकुंडीला आला तरी आम्ही त्याला सोडलं नाही. का, ते आज सांगता येणार नाही. राग होता, तो कुणावर तरी काढायचा होता, आणि तो मुलगा जवळ होता.

चेन्नईतल्या त्या घरात पुट्टीच्या धुळीत बसून मला तो मुलगा आठवला. तेव्हा दिल्लीत आणि मद्रासमध्ये मोठी माणसं काय करत होती, ते मी त्यानंतर वाचायला लागले.

*

मुळात हे प्रकरण घडवण्यात आपला हात कमी नव्हता. जुलै 1983 मध्ये जाफन्यात श्रीलंकेचे 13 सैनिक मारले गेले आणि कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं, माणसं जाळली गेली. तेव्हापासून होड्या भरभरून लोक रामेश्वरच्या किनाऱ्याला लागायला लागले. तमिळनाडूने त्यांना पोटाशी धरलं. दिल्लीने आणखी एक काम केलं: तिथल्या बंडखोर तरुणांना इथे आणून शस्त्रं चालवायला शिकवलं. जून 1987 मध्ये आपल्या विमानांनी वेढ्यातल्या जाफन्यावर अन्नधान्य टाकलं. 29 जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीवजींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तो खांद्यावर बसला म्हणून निभावलं. आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत आपली शांतिसेना त्याच वाघांशी लढत होती, ज्यांना आपण पाळलं होतं. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला तिथे पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा अकराशेहून जास्त जवान गेलेले होते. मद्रास बंदरात त्यांच्या स्वागताला जायला मुख्यमंत्री करुणानिधींनी नकार दिला, कारण या सैन्याने तमिळांनाच मारलं असं तमिळनाडूतल्या पुष्कळांना वाटत होतं. आमच्या गावच्या त्या जवानाला हे माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

सैन्य निघालं आणि जूनमध्ये तिकडे पुन्हा युद्ध पेटलं. होड्यांची दुसरी लाट आली, सव्वा लाखाच्या जवळपास माणसं. अण्णा त्यातलेच. वय वर्षं सात. मन्नार बेटावरचं गाव, वडील मासेमारी करणारे. तलैमन्नारहून धनुष्कोडी तीसेक किलोमीटर. होडीवाले रात्री निघायचे आणि आपल्या नौदलाच्या भीतीने किनाऱ्यापर्यंत यायचे नाहीत. मधल्या वाळूच्या पट्ट्यांवर माणसं उतरवून मागे फिरायचे. 'मणल तिट्टू' म्हणतात त्यांना. पट्टा म्हणजे काय, ओहोटीला दिसणारी उघडी पाठ. तिथे उभं राहून कुणीतरी येऊन घेऊन जाईल याची वाट बघायची. अण्णांच्या घरच्यांना सकाळी उशिरा मच्छीमारांनी उचललं. किनाऱ्यावर बायकांनी इडल्या दिल्या. "कुणी विचारलं नाही तुम्ही कोण म्हणून," अण्णा म्हणाले. "आधी खा म्हणाले."

ही 1990 च्या ऑगस्टमधली गोष्ट. मध्ये गेले नऊ महिने.

21 मे 1991 च्या रात्री श्रीपेरंबुदुरमध्ये लिट्टेच्या धनू नावाच्या मुलीने राजीव गांधींना हार घातला, पाया पडायला वाकली आणि कमरेच्या पट्ट्याचा स्फोट केला. त्यांच्याबरोबर जे गेले, त्यांत बंदोबस्तावरचे पोलीस होते, पक्षाचे कार्यकर्ते होते, आणि राजीवजींना कविता म्हणून दाखवायला आलेली एक लहान मुलगी आणि तिची आई होती. हे लिहून ठेवायलाच हवं. निर्वासितांची कहाणी सांगताना लोक ही ओळ गाळतात आणि ते मला बरोबर वाटत नाही.

कटाचा म्होरक्या शिवरासन ऑगस्टमध्ये बंगलोरजवळच्या कोणणकुंटे इथे वेढ्यात सापडला आणि त्याने स्वतःला गोळी घातली. म्हणजे ज्यांनी मारलं त्यातले मुख्य लोक तीन महिन्यांत संपले होते. पण राग असा तीन महिन्यांत संपत नाही, आणि सरकारचा राग तर कागदावर उतरतो. एकदा कागदावर उतरला की राग शांत झाला तरी कागद चालू राहतो.

*

काय काय बदललं? जून 1991 मध्ये तमिळनाडूत जयललितांचं सरकार प्रचंड बहुमताने आलं. राज्यात राहणाऱ्या प्रत्येक श्रीलंकन तमिळाने पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं असं फर्मान निघालं. कॉलेजप्रवेशातल्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला 1996 उजाडलं. मे 1992 मध्ये लिट्टेवर बंदी आली. स्वयंसेवी संस्थांना छावण्यांची दारं बंद झाली. संशयितांसाठीच्या 'विशेष छावण्या' भरू लागल्या. नाव छावणीचं, कारभार तुरुंगाचा, आणि त्यासाठी कायदा वापरला तो 1946 चा, परकीय नागरिकांसाठीचा. छावण्यांवर नजर ठेवण्याचं काम पोलिसांच्या 'क्यू' शाखेकडे. मी इथे एकापाठोपाठ एक वाक्यं लिहून मोकळी होतेय, पण यातलं एकेक वाक्य म्हणजे कुणाच्या तरी बारावीनंतरची चार वर्षं आहेत.

संशय निराधार होता असं मी म्हणणार नाही. कटातले काहीजण निर्वासित म्हणून, निर्वासितांसारख्याच होड्यांतून आले होते. जून 1990 मध्ये मद्रासच्या कोडंबाक्कम भागात ईपीआरएलएफ या दुसऱ्या तमिळ संघटनेच्या पद्मनाभांना साथीदारांसकट गोळ्या घातल्या, त्याही लिट्टेनेच. कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याने होड्यांकडे संशयाने बघितलंच असतं. पण तेव्हा इथे या लोकांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती, आणि त्यातले कित्येक जण ज्यांच्यापासून पळून आले होते त्यांत श्रीलंकेच्या सैन्याबरोबर लिट्टेही होती. पोरं उचलून नेणारी, गावामागे कर लावणारी. हे सांगायचं कुणाला? दोघांचा शब्द एकच, 'कदैत्तल'.

मद्रासमधल्या घरमालकांनी भाडेकरू काढले. अण्णांचे एक मामा शहरात होते, त्यांचं बिऱ्हाड एका रात्रीत रस्त्यावर आलं. ज्यांनी काढलं ते काही वाईट लोक नव्हते, त्यांनीच आदल्या पोंगलला गोड भात पाठवला होता. अण्णा हे सांगत होते तेव्हा मला आमचं चोर-पोलीस आठवत होतं. मी काही बोलले नाही.

आणि मग आलं 'परत जाणं'. जानेवारी 1992 पासून निर्वासितांना जहाजांनी श्रीलंकेत परत पाठवायला सुरुवात झाली. 1995 पर्यंत 54 हजारांवर माणसं गेली. सरकारी भाषेत ती 'स्वेच्छेने' गेली. तिकडे युद्ध चालूच होतं. जाफनाच्या वाटेवरच्या एलिफंट पास इथे 1991 च्या जुलै-ऑगस्टमध्ये घनघोर लढाई होऊन गेली होती. जाणारा माणूस खरंच स्वेच्छेने जातोय का, हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यानंतर कुठे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या लोकांना मद्रासमध्ये बसून जाणाऱ्यांशी बोलायची मुभा मिळाली.

अण्णांच्या वडिलांनीही सही केली. कागद इंग्रजीत होता. मी विचारलं, जबरदस्ती केली का कुणी? ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही. रेशन उशिरा येत होतं. शाळेत नाव घालत नव्हते. रोज कुणीतरी विचारायचं, कधी जाणार? रोज. मग अप्पा म्हणाले, चला." यालाही स्वेच्छाच म्हणतात. घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या आत्याला कुणी 'जा' म्हणत नाही, नुसतं रोज विचारतं, मग कधीचं तिकीट काढायचं? ती आपली आपण पिशवी भरते.

गाव मिळालं नाहीच. घरापर्यंत जाताच येईना, कारण मध्ये सैन्याचा तळ. मन्नार बेटावरच पेसालै इथे निर्वासितांची छावणी होती, तिथे चार वर्षं गेली. एप्रिल 1995 मध्ये युद्ध पुन्हा भडकलं आणि 1996 मध्ये हे कुटुंब दुसऱ्यांदा होडीत बसलं. वडील नव्हते तेव्हा. कसे गेले ते अण्णांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुन्हा तोच समुद्र. तेरा वर्षांच्या मुलाला या खेपेला किनाऱ्यावर इडली कुणी दिली नाही. नोंदवहीत नाव लिहिलं, बोटांचे ठसे घेतले.

परराष्ट्र धोरण हा शब्द मी इतकी वर्षं वर्तमानपत्रात वाचत आले. 'भारताने हस्तक्षेप न करण्याचं धोरण स्वीकारलं.' वाचायला किती शांत, समंजस वाक्य आहे. 1991 नंतर दिल्लीने श्रीलंकेच्या प्रश्नात हात घालायचा नाही असं ठरवलं, आणि दिल्लीच्या जागी कुणीही असता तरी कदाचित हेच ठरवलं असतं. हजारभर जवान गेले, माजी पंतप्रधान गेला, आता पुरे. मला हे समजतं. पण हात काढून घेताना त्या हाताच्या बोटाला धरून जी माणसं आली होती, त्यांचं काय, हे कुठल्याच कागदात नव्हतं. परत जायला तिकडे शांतता नाही, शांततेसाठी इकडून कुणी बोलणार नाही, आणि इथेच राहा असंही कुणी म्हणणार नाही.

मे 2009 मध्ये मुल्लिवायक्कालच्या वाळूच्या पट्ट्यावर ते युद्ध संपलं. शेवटच्या महिन्यांत 40 हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असावेत असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे म्हटलं. दिल्लीने फार आवाज केला नाही. लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याने 2002 साली किलिनोच्चीच्या पत्रकार परिषदेत राजीवहत्येबद्दल दोनच शब्द वापरले होते, 'तुन्बियल सम्बवम', शोकात्म घटना. मारणाऱ्यानेच असं परक्यासारखं बोलावं याची तेव्हा पुष्कळांना चीड आली. मलाही येते. ही 'घटना' घडवून त्याने आपल्याच लोकांच्या डोक्यावरचं परकं का होईना, पण एकुलतं छप्पर उडवलं. अण्णांकडे मी प्रभाकरनचं नाव काढलं, तर त्यांनी फक्त रेडिओचा आवाज वाढवला. इळयराजाचं काहीतरी लागलं होतं.

*

जानेवारी 2025 मध्ये सासूबाई आल्या. काशी-रामेश्वर करायचं त्यांच्या मनात फार दिवस होतं, आणि रीतीप्रमाणे आधी रामेश्वरची वाळू घेऊन प्रयागला जायचं, तिथून गंगा आणून रामेश्वरला घालायची. मदुराईहून गाडी केली. पांबनच्या पुलाच्या अलीकडे रस्त्याला पाटी दिसली, 'मंडपम कॅम्प'. सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं लग्न आहे गं?"

मंडप. आपल्याकडे दोन दिवसांचा, हळदीला घातला की पूजेनंतर सोडायचा. इथला मंडप इंग्रजांच्या काळापासून उभा आहे. सिलोनच्या चहामळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना बोटीत चढवण्याआधी इथे अडकवून तपासत. त्याच मजुरांच्या नातवंडांना श्रीलंकेने 1948 मध्ये नागरिकत्वातून वगळलं, 1964 मध्ये शास्त्रीजी आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी त्यांची वाटणी केली, तुमचे सव्वापाच लाख, आमचे तीन लाख, उरलेल्यांचं मागाहून बघू. 1983 नंतर हीच जागा निर्वासितांचा पहिला थांबा झाली. एकाच घराण्यातली माणसं शंभर वर्षांत दोन्ही दिशांनी याच फाटकातून गेली असतील. आत जायला परवानगी लागते. आम्ही रस्त्यावरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. बुटकी घरं, वाळत घातलेले कपडे, दप्तर पाठीला लावून सायकलवर दोघी मुली.

पुढचा रस्त्याचा पूल इंदिरा गांधींच्या नावाचा. 2 ऑक्टोबर 1988 ला त्याचं उद्घाटन राजीव गांधींनी केलं. खाली पाणी असं हिरवं की डोळे निवतात.

रामेश्वरात आम्ही धर्मशाळेत उतरलो. बावीस कुंडांची स्नानं झाली, सासूबाई ओल्या लुगड्याने कुडकुडत पण खुशीत. व्यवस्थापकाने आमचं आधार कार्ड पाहिलं आणि विचारलं, किती दिवस? तीन दिवसांच्या वर राहता येत नाही, यात्रेकरू खोळंबतात.

त्याच वर्षी 19 मे रोजी सर्वोच्च न्यायालयात एका श्रीलंकन तमिळाचा अर्ज आला. दहशतवादविरोधी कायद्याखालची शिक्षा भोगून झालेला माणूस. मला परत पाठवू नका, म्हणत होता. न्यायमूर्ती म्हणाले, भारत म्हणजे धर्मशाळा नाही. बातमी वाचताना हसूच आलं, कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. रात्री उशिरा आलं की वडील म्हणायचे, ही काय धर्मशाळा आहे? प्रत्येक मराठी घरात कुणी ना कुणी हे म्हटलेलं असतं. पण धर्मशाळेचे नियम मी नुकतेच पाहून आले होते. तिथे तीन दिवसांत निघावं लागतं. हे लोक पस्तीस वर्षं राहिलेत. धर्मशाळेत कुणाचा जन्म होत नाही, कुणी पंचवीस-तीस दिवाळ्या काढून, दहा बाय दहाच्या खोलीत दोन मुली वाढवून, रोल कॉलसाठी चार वाजता ब्रश धूत नाही. घरही नाही आणि धर्मशाळाही नाही, तर याला म्हणायचं काय, तो शब्द मला ना तमिळमध्ये सापडला ना मराठीत.

राज्य सरकारने आपल्या परीने शब्द बदलून पाहिला. ऑगस्ट 2021 मध्ये 'निर्वासित छावणी'ची 'पुनर्वसन छावणी' केली, 317 कोटींची योजना आणली, नवी घरं बांधायला घेतली, कुटुंबप्रमुखाला महिना 1,500, बाकी मोठ्यांना 1,000, लहानांना 500 रुपये केले. अण्णांना याचं कौतुक आहे, मी नाक मुरडलं तर त्यांना आवडत नाही. "मुली कॉलेजात जातात, अक्का. फी माफ." छावण्यांत आज 58 हजारांच्या आसपास लोक आहेत. पण नागरिकत्व दिल्लीचं. 2019 च्या नव्या कायद्यात श्रीलंका नाहीच. जुन्या कायद्यात 1 जुलै 1987 च्या आधी इथे जन्मलेला जन्मानेच भारतीय. त्या आधारावर 1986 मध्ये मंडपमच्या छावणीत जन्मलेल्या एका बाईने कोर्टात जाऊन पासपोर्ट मिळवला आणि 2024 मध्ये पहिल्यांदा मतदान केलं. अण्णांच्या मुली या शतकातल्या. सप्टेंबर 2025 पासून एक सूट मिळाली: 9 जानेवारी 2015 पर्यंत आलेल्या, नोंद असलेल्या श्रीलंकन तमिळांवर पासपोर्ट-व्हिसा नाही म्हणून खटला भरणार नाहीत. म्हणजे चाळीस वर्षांनी एवढं ठरलं की इथे असणं हा गुन्हा नाही.

संथनचं ऐकलं होतं का? राजीवहत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, 2014 मध्ये ती जन्मठेपेवर आली, नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. सुटला तो तुरुंगातून थेट तिरुचिरापल्लीच्या विशेष छावणीत, कारण आता तो बिनपासपोर्टचा परदेशी. आईला भेटायला श्रीलंकेत जायचं होतं. परवानगी आली तेव्हा तो आजारी होता, आणि 28 फेब्रुवारी 2024 ला चेन्नईत गेला. ज्या सरकारी रुग्णालयात गेला, त्याचं नाव राजीव गांधी रुग्णालय. त्याच्याबद्दल मला कळवळा आहे असं नाही. पण त्याच्या आईचा विचार मनातून जात नाही, आणि त्या कविता म्हणणाऱ्या मुलीचाही जात नाही.

*

या पावसाळ्यात हॉलच्या कोपऱ्यात ओल आली. अण्णांना फोन केला. आले, खरवडलं, सुकायला ठेवून बाल्कनीत चहा घेत बसले. सासूबाई पुन्हा आल्या होत्या, त्यांना या रंगाऱ्याचं भारी अप्रूप, कारण तो चहात बशी घेतो. मी त्यांना सांगितलं की अण्णा धनुष्कोडीच्या पलीकडून आलेत. त्यांनी लगेच फोन मागितला आणि आमचे यात्रेचे फोटो उघडून त्यांच्यापुढे धरले. अरिचलमुनैचं टोक, दोन्हीकडचा समुद्र, एका फोटोत लांबवर पाण्यात पिवळसर रेघ.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. बोटांनी फोटो मोठा केला. रेघेवर नेला, आणखी मोठा केला, चौकोन चौकोन दिसायला लागले.

"तिट्टू," ते म्हणाले.

मी विचारलं, यांच्यावरच उतरवलं होतं का? ते म्हणाले, नक्की नाही सांगता येत. पट्टे सरकतात. शिवाय घरात यावरून वाद आहे. अप्पा म्हणायचे चौथा पट्टा, आई म्हणते सहावा. अप्पांनी होडीतून मोजले होते, आईने चालत. पाणी कमी झाल्यावर ती यांना काखेत घेऊन दोन पट्टे चालली होती म्हणे, ते अप्पांच्या हिशेबात नाहीत. अप्पा गेले तरी ती अजून भांडते.

मग त्यांनी विचारलं, हा फोटो पाठवाल का? आईला दाखवतो.

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. "पाठव की मग," त्या म्हणाल्या, "तो आणि दुसरा पण पाठव, त्यात जास्त दिसतंय." मी दोन्ही पाठवले. चार वाजले होते. अण्णांनी खरवडणी पुसून पिशवीत टाकली.

रात्री नऊच्या सुमारास मेसेज आला. मला तमिळ लिपी अजून सावकाशच वाचता येते, त्यामुळे वेळ लागला. आईने दोन्ही फोटो बघितले, असं लिहिलं होतं. हा नाही म्हणते.